त्याच्यासमोर वहिनींचं नाव घ्या

पत्र

ताई,

मी एक्केचाळीस वर्षांचा, साताऱ्याचा. कॉलेजपासूनचा माझा एक जिवलग मित्र पुण्यात बँकेत होता. तीन वर्षांपूर्वी माझ्या नव्या घराची वास्तुशांत झाली. तो आणि वहिनी आदल्या दिवसापासून येऊन राबत होते. संध्याकाळी निघतो म्हणाले, तर मीच अडवलं. शेवटची पंगत उठेपर्यंत रात्रीचे अकरा झाले. वहिनी स्वयंपाकघरात मला एकट्याला गाठून म्हणाल्या, "भाऊजी, आज इथेच टेकतो आम्ही. यांचे डोळे मिटायला लागलेत." घर पाहुण्यांनी भरलेलं, गाद्या पुरत नव्हत्या. मी म्हटलं, "अहो, आता रस्ता मोकळा असतो, दोन तासांत घरी पोचाल." गाडी मित्र चालवत होता. शिरवळच्या पुढे कडेला दिवे न लावता उभ्या असलेल्या ट्रकवर ती आदळली. वहिनी जागीच गेल्या. मित्र वाचला. वहिनी माझ्याशी काय बोलल्या ते त्याला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही.

त्याने नोकरी सोडली, आता सांगलीला आईजवळ असतो. जेवतो, पेपर वाचतो, क्रिकेटवर बोलतो. वहिनींचा विषय निघाला की उठून जातो, म्हणून आम्ही कुणी तो काढतच नाही. रोज सकाळी वहिनींची स्कूटर अंगणात काढतो, फडक्याने पुसतो, पाच मिनिटं चालू ठेवतो आणि पुन्हा आत लावतो. चालवत मात्र नाही. रात्री रस्त्यावरून ट्रकचा हॉर्न आला की खोलीत जाऊन दार लावून घेतो.

मी जमेल ते करतो. दर महिन्याला त्याच्या आईच्या खात्यात पैसे भरतो. त्याला फोन घेऊन दिला. एका पतसंस्थेत नोकरीचं बोललो, तो गेला नाही. आता माझ्या मावसबहिणीच्या सासरकडच्या एक बाई आहेत, शिक्षिका, यजमान वारलेले. त्यांच्याशी त्याचं जुळावं म्हणून खटपट चालू आहे. त्या मंडळींना "अपघातातून सावरलाय" एवढंच सांगितलंय.

गेल्या महिन्यात ऑफिसातल्या एकाच्या सांगण्यावरून 'द फिशर किंग' हा इंग्रजी चित्रपट पाहिला. रात्रभर झोप लागली नाही. त्यातला जॅक म्हणजे मीच. त्याचीही तीनच वर्षं. मलाही जॅकसारखं काहीतरी मोठं करून मित्राला परत आणायचंय. हे लग्न जुळवणं म्हणजे तेच ना? वहिनींचं ते बोलणं त्याला सांगून मोकळं व्हावं का? हा चित्रपट त्याला दाखवावा का?

बायको म्हणते, "हे तुम्ही त्यांच्यासाठी करताय की तुमच्यासाठी?" तेव्हापासून मी तिच्याशी या विषयावर बोलणं बंद केलंय.

— साताऱ्याचा एक वाचक

उत्तर

तुमच्या पत्नीने विचारलेला प्रश्न हा चित्रपट सव्वादोन तास जॅकला विचारत राहतो. तुम्ही तिच्याशी बोलणं बंद केलंत आणि मला पत्र लिहिलंत. म्हणजे प्रश्न वर्मी लागलाय, आणि तो टाळायची तुमची इच्छाही नाही. तेव्हा तिथूनच सुरुवात करू.

ज्यांनी हा चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. टेरी गिलियम यांनी १९९१ साली तो केला, पटकथा रिचर्ड लाग्रावनीज यांची. न्यूयॉर्कमधला जॅक लुकास (जेफ ब्रिजेस) रेडिओवर श्रोत्यांचे फोन घेतो आणि त्यांची टर उडवतो. एडविन नावाचा एक एकाकी माणूस त्याला नेहमी फोन करतो. एका महागड्या ठिकाणी भेटलेल्या मुलीबद्दल तो भाबडेपणाने बोलतो, तर जॅक सहज बोलून जातो की ही बडी माणसं आपल्यातली नव्हेत, त्यांना वेळीच रोखलं पाहिजे. एडविन बंदूक घेऊन तिथे जातो. जॅक मात्र त्या वेळी घरी, एका मालिकेतल्या भूमिकेसाठी "माफ करा!" हे एकच वाक्य वेगवेगळ्या सुरांत घोकत असतो. टीव्हीवर बातमी लागते आणि त्याचा चेहरा उतरतो. तीन वर्षांनी तो दारूत बुडालेला, अॅन नावाच्या बाईच्या व्हिडिओ-दुकानाच्या आधाराने जगतो आहे. एका रात्री जीव द्यायला निघालेला असताना गुंडांच्या तावडीतून त्याला सोडवतो तो पॅरी (रॉबिन विल्यम्स). पॅरी बेघर आहे आणि स्वतःला दंतकथेतल्या राजा आर्थरच्या काळातला सरदार समजतो. एका कोट्यधीशाच्या घरात पवित्र चषक (येशूच्या शेवटच्या जेवणातला मानला जाणारा 'होली ग्रेल') दडलाय आणि तो मिळवणं हे आपलं काम आहे, अशी त्याची खात्री आहे. हाच पॅरी पूर्वी मध्ययुगीन इतिहासाचा प्राध्यापक होता. एडविनने गोळ्या झाडल्या तेव्हा तो त्याच ठिकाणी बायकोसोबत बसला होता. ती त्याच्या डोळ्यांदेखत गेली.

आता तुम्ही स्वतःला जॅक म्हणता. मला ते पूर्ण मान्य नाही. जॅकच्या बोलण्यात माणसांबद्दलचा तुच्छपणा होता, तो त्याचा धंदाच होता. तुम्ही पाहुण्यांनी भरलेल्या घरात, दमलेल्या अवस्थेत, मराठी घरांत शंभरदा बोललं जाणारं एक वाक्य बोललात. ट्रक अंधारात दिवे न लावता उभा करणारा माणूस कुणी दुसरा होता. "तुमची काहीच चूक नाही" असं मात्र मी म्हणणार नाही, कारण ते तुम्हाला पटणार नाही आणि तुम्ही माझं पुढचं काही ऐकणार नाही. एका बाईने तुम्हाला सांगितलं की नवऱ्याचे डोळे मिटताहेत आणि तुम्ही ते कानाआड केलंत. तेवढं तुमचं आहे. वहिनींचा मृत्यू त्याहून फार मोठा आहे आणि तो सगळा तुमच्या एका वाक्याच्या माथी मारता येणार नाही.

जॅकशी तुमचं साम्य आहे ते अपघातानंतरच्या वागण्यात. जॅक पॅरीसाठी काय काय करतो ते नीट आठवून बघा. पॅरी कोण हे कळल्यावर तो सगळ्यात आधी त्याच्या हातात नोटा ठेवतो. पॅरी त्या लगेच दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाकतो आणि जॅक अस्वस्थ होतो, कारण पैसे खर्च झाले आणि सुटका झालीच नाही. मग तो ठरवतो की पॅरीला एक बाई मिळवून द्यायची. लिडिया नावाची एक अवघडलेली, सारखी धडपडणारी मुलगी पॅरीला दुरून आवडते. ती ग्रँड सेंट्रल स्थानकातून जाताना पॅरीला सगळं स्थानक नाचताना दिसतं. तो प्रसंग ज्याने पाहिला तो विसरत नाही. जॅक आणि अॅन तिला युक्तीने दुकानात आणतात, पॅरीला आंघोळ घालून, सूट चढवून तयार करतात, चौघं चिनी हॉटेलात जेवायला जातात. सगळं जमतं. पॅरी लिडियाला घरापर्यंत सोडतो, ती त्याचं चुंबन घेते.

आणि त्याच क्षणी तो लाल सरदार येतो. पॅरीच्या भासातला हा सरदार आगीच्या ज्वाळा सोडत घोड्यावरून दौडत येतो, आणि बायकोची आठवण जवळ आली की हमखास येतो. पॅरी रस्त्यांतून ऊर फुटेस्तोवर पळतो, त्याच गुंडांच्या हाती सापडतो आणि मार खाऊन जो कोसळतो तो डोळे उघडे असूनही कुणाला ओळखेनासा होतो. इकडे जॅकला त्याच रात्री आपलं देणं फिटल्यासारखं वाटतं. तो आपल्या जुन्या एजंटला फोन करतो, रेडिओवर परतायच्या तयारीला लागतो आणि तीन वर्षं ज्या बाईने सांभाळलं त्या अॅनला सोडून निघतो.

तुम्ही विचारलंत, लग्न जुळवणं म्हणजे जॅकचं ते मोठं काम ना? त्याचं उत्तर या रात्रीत आहे. जॅकने जुळवलं, चांगलं जुळवलं, आणि पॅरी त्यानेच मोडला. मनात जी जागा अजून जखमी आहे तिथेच आपण दुसरं माणूस आणून बसवलं. तुमच्या मित्राचा लाल सरदार तुम्हीच पत्रात लिहिलाय: ट्रकचा हॉर्न. ज्या माणसाला रात्रीच्या हॉर्नने खोलीचं दार लावून घ्यावं लागतं, त्याला सावरलेला म्हणून कुणाच्या दारी उभा करू नका.

मग करायचं काय? त्यासाठी थोडी जुनी गोष्ट सांगावी लागेल, कारण चित्रपटाचं नाव तिथून आलंय आणि मला वाटतं तुमचं खरं औषधही तिथेच आहे.

बाराव्या शतकात, ११८०च्या सुमारास, क्रेतियाँ द त्रुआ या फ्रेंच कवीने पर्सेव्हल नावाच्या तरुणाची कथा लिहायला घेतली. रानात आईजवळ वाढलेला, जगाचं काही न शिकलेला हा मुलगा सरदार व्हायला निघतो. वाटेत एक अनुभवी सरदार त्याला शस्त्रं शिकवतो आणि ताकीद देतो की फार बोलू नकोस, उगाच प्रश्न विचारू नकोस, शोभत नाही. पुढे तो एका राजाच्या वाड्यात उतरतो. राजाला मांडीत भाला लागलेला आहे, उठता येत नाही, घोड्यावर बसता येत नाही, म्हणून होडीत बसून मासे धरणं एवढीच त्याची करमणूक. तोच फिशर किंग. जेवणाच्या वेळी पर्सेव्हलच्या समोरून रक्त ठिबकणारा भाला नेला जातो, सोन्याचं तेजस्वी पात्र (तोच पुढच्या कथांतला पवित्र चषक) नेलं जातं, एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. त्याला विचारावंसं वाटतं. पण शिकवण आठवते आणि तो गप्प बसतो. सकाळी उठून बघतो तर वाडा ओस पडलेला. पुढे एक मुलगी भेटते, तिच्याकडून त्याला कळतं की तू नुसतं विचारलं असतंस तर राजा बरा झाला असता.

शिष्टाचारापायी एक माणूस जखमी राहिला. आपल्याकडे याहून वेगळं काय चालतं? ज्या घरात माणूस गेलंय तिथे आपण दहा दिवस गर्दी करतो आणि तेराव्यानंतर गेलेल्याचं नाव घ्यायचं बंद करतो. "विषय काढू नकोस, त्याला त्रास होईल," असं दारातच एकमेकांना बजावतो. चांगल्या मनानेच बजावतो. तुमचा मित्र वहिनींचं नाव निघालं की उठून जातो, म्हणून तीन वर्षं कुणी ते नाव घेतलं नाही. तो रोज सकाळी ती स्कूटर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर अंगणात काढतो, पुसतो, चालू करतो. त्या घरात रोज काहीतरी समोरून नेलं जातंय आणि कुणी विचारत नाही की हे काय रे?

क्रेतियाँची कथा अपुरी राहिली. तेराव्या शतकाच्या पहिल्या दशकात व्होल्फ्राम फॉन एशेनबाख या जर्मन कवीने ती पुरी केली. त्यात हाच मुलगा वर्षानुवर्षं भटकतो, स्वतःच्या चुकीने खचतो, देवावर रागावतो, आणि अखेर त्याच वाड्यात परत येतो. आता त्याला ठाऊक असतं की हा राजा आपला सख्खा मामा आहे. तो विचारतो, मामा, तुम्हाला काय होतंय? एवढंच. राजा बरा होतो. म्हणजे पहिल्या खेपेला तोंड मिटून बसलेल्यालाही दुसरी खेप मिळते. तीन वर्षं उशीर झाला म्हणून तुम्हीही वेळ गेली असं समजू नका.

चित्रपटात पॅरी रात्री सेंट्रल पार्कात गवतावर पडून जॅकला या गोष्टीचं एक साधं रूप सांगतो. त्यात राजाचे सगळे शूर लोक चषक शोधून थकतात. मग एक भोळा माणूस वाड्यात येतो. त्याला समोर राजा दिसतच नाही, दुखण्याने तळमळणारा एक एकटा माणूस दिसतो. काय होतंय म्हणून विचारतो. राजा म्हणतो, घसा सुकलाय. भोळा शेजारचा पेला उचलतो, पाणी भरून देतो, आणि तो पेलाच चषक निघतो. मला या प्रसंगात नेहमी एक गोष्ट जाणवते. त्या भोळ्याला राजाकडून काहीच नको होतं. चषक नको होता, नाव नको होतं, माफीही नको होती. तुम्ही सांगलीला जाता तेव्हा तुम्हाला काहीतरी हवं असतं. ते हवं असणं स्वाभाविक आहे, पण मित्राला ते कळतं. दुःखी माणसाला समोरच्याची गरज फार लवकर कळते. पतसंस्थेत तो गेला नाही, याचं एक कारण हेही असू शकतं.

तेव्हा या वेळी काही न घेता जा. फोन नको, अर्ज नको, स्थळ तर मुळीच नको. आदल्या रात्री त्यांच्याकडे मुक्कामाला जा, म्हणजे स्कूटर बाहेर निघेल तेव्हा तुम्ही अंगणात असाल. एक फडकं तुम्हीही उचला, त्याने हातात ठेवू दिलं तर. आणि वहिनींचं नाव घ्या. नुसतं "वहिनी" म्हणून भागवू नका, त्यांचं नाव घ्या. ही गाडी त्यांनी कधी घेतली होती, रंग कुणी निवडला, असं काहीही विचारा. "मला त्यांची आठवण येते रे," असं म्हणालात तरी चालेल, कारण ते खरं आहे. तुम्हालाही त्या गेल्याचं दुःख आहे, आणि तुमच्या अपराधीपणाच्या ओझ्याखाली ते तीन वर्षं दबून गेलंय. तुमच्या सगळ्या पत्रात वहिनी कशा होत्या याबद्दल एक ओळ नाही, हे तुमच्या लक्षात आलं का?

तो उठून जाईल. बहुतेक जाईलच. जाऊ द्या, मागे जाऊ नका, माफी मागू नका, विषय बदलू नका. त्याच्या आईजवळ बसा. सून गेलेल्या त्या बाईला तरी कुणी काही विचारलंय का? पुढच्या महिन्यात पुन्हा जा आणि पुन्हा नाव घ्या. एका खेपेत काही होणार नाही, आणि दर खेपेला हिशेब मांडू नका की किती फरक पडला. चित्रपटाच्या शेवटी जॅक त्या कोट्यधीशाच्या घरात शिरून पॅरीचा चषक आणतो आणि त्याच्या हातात ठेवतो. पॅरी शुद्धीवर येतो तेव्हा तो जॅकला सांगतो की मला स्वप्न पडलं, माझं लग्न झालं होतं, ती फार सुंदर होती. आणि मग लहान मुलासारखा विचारतो, आता मला तिची आठवण आली तर चालेल का? माझ्या मते सगळा चित्रपट त्या प्रश्नासाठी आहे. तुमच्या मित्राला तशी मोकळीक कुणी दिलेली नाही.

आता सगळ्यात अवघड भाग. वहिनींचं ते बोलणं त्याला सांगावं का?

सांगावं, पण आज नाही आणि तुम्ही म्हणता तसं "मोकळं व्हायला" तर नाहीच. तुमच्या पत्रातली एक गोष्ट तुम्ही लिहिली आणि तिच्यावर थांबला नाहीत. त्या रात्री गाडी तो चालवत होता. तुम्हाला तीन वर्षं वाटतंय की वहिनी तुमच्यामुळे गेल्या. त्याला काय वाटत असेल? ज्याचे डोळे मिटत होते तो तोच होता. मी त्याला भेटलेली नाही, तरी माझा अंदाज आहे की तोही स्वतःलाच दोषी धरून बसलाय, तुमच्याहून कितीतरी जास्त. आता अशा माणसासमोर तुम्ही जाऊन म्हणालात की वहिनी म्हणत होत्या, यांचे डोळे मिटताहेत, आणि मी ऐकलं नाही, तर त्याच्या कानावर काय पडेल? तुमचा कबुलीजबाब पडेल, की तिला माहीत होतं मला झोप येतेय आणि तरी मी गाडी काढली, हे पडेल? दोन्ही शक्य आहे. एखाद्याला त्याने हलकं वाटेल, दुसरा त्याने कोलमडेल. तो यातला कोणता, हे ओळखणं तुमच्या-माझ्या आवाक्यातलं नाही.

म्हणून आधी डॉक्टर. हॉर्न ऐकून दार लावून घेणं, नाव निघताच उठून जाणं, नोकरी सुटणं, आणि हे सगळं तीन वर्षं टिकणं, याला "स्वभाव बदललाय" म्हणून सोडून देऊ नका. अपघातानंतरचा आघात आणि लांबलेला शोक हे दोन्ही आज ओळखले जाणारे आजार आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या ११व्या वर्गीकरणात सहा महिन्यांपलीकडे रोजचं जगणं अडवून ठेवणाऱ्या शोकाला स्वतंत्र नाव दिलेलं आहे. दोन्हींवर बोलण्याचे उपचार आहेत, गरज पडली तर औषधंही आहेत. इथे चित्रपटावर विसंबू नका. पॅरी ज्या अवस्थेत जातो ती हातात पेला ठेवून बरी होत नाही. खऱ्या रुग्णालयात त्यावर औषधं देतात, तेवढ्याने भागलं नाही तर भूल देऊन विजेचा उपचार करतात, आणि पुष्कळ रुग्ण त्याने बरे होतात. गिलियमनी जादूची गोष्ट सांगितली, ती तशीच घ्यायची. मित्र दवाखान्यात यायला तयार नसेल तर त्याच्या आईने किंवा तुम्ही टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. केंद्र सरकारची ही सेवा ऑक्टोबर २०२२पासून चालू आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. घरच्या माणसांनी कसं वागावं, त्याला उपचारांकडे कसं वळवावं, हेही तिथे विचारता येतं. आणि त्याच्या तोंडून जगण्याचा कंटाळा आल्याची भाषा निघाली तर दिवस काढू नका, त्याच दिवशी न्या.

उपचार सुरू झाले, थोडा स्थिर झाला, की त्याच्या डॉक्टरांना तुम्ही एकटे भेटा आणि ते वाक्य सांगा. केव्हा आणि कसं बोलायचं ते त्यांच्या सल्ल्याने ठरवा. एकच अपवाद. त्याने स्वतःहून विचारलं, "त्या रात्री ती काही म्हणाली होती का रे?" तर खोटं बोलू नका.

आणि सांगाल तेव्हा माफी मागायच्या घाईने सांगू नका. जॅक "माफ करा" घोकत होता तेव्हा त्या शब्दांत काही नव्हतं. तुम्ही माफी मागितलीत की तो बिचारा तुम्हाला सांभाळायला लागेल, "तुझी काही चूक नाही" म्हणून तुमची समजूत काढेल, आणि त्याचं स्वतःचं रडू पुन्हा आतच राहील. त्या वाक्यात तुमच्या चुकीपेक्षा मोठी गोष्ट आहे. दिवसभर राबून स्वतः थकलेली ती बाई शेवटच्या तासात नवऱ्याच्या डोळ्यांकडे बघत होती, त्याची काळजी करत होती. ते त्याचं आहे. तीन वर्षं तुमच्याजवळ अडकून पडलंय. त्याचं त्याला पोचवायचंय, अशा भावनेने सांगा.

चित्रपट त्याला दाखवू नका. बायको समोर बसलेली असताना बंदुकीचा बार होतो तो क्षण लाल सरदाराच्या पाठलागात काही न लपवता येतो. ज्याने शेजारच्या सीटवर बायको गेलेली पाहिलीय त्याला हे बघायला लावणं क्रूरपणा होईल. चित्रपट तुम्हाला भिडला, तुम्हाला बोलतं केलं, हे फार झालं.

आता तुमच्या पत्नीविषयी. अॅनचं काम करणाऱ्या मर्सिडीज रूल यांना सहायक अभिनेत्रीचं ऑस्कर मिळालं, आणि ते योग्यच होतं असं मला वाटतं. जॅक पॅरीच्या मागे पळत असताना दुकान चालवणारी, जेवण वाढणारी, त्याच्या दारूच्या बाटल्या आवरणारी आणि तोंडावर खरं बोलणारी ती आहे. आपलं भलं झालं असं वाटताच जॅक सगळ्यात आधी तिलाच दूर करतो. तुमच्या घरात आज तेच चाललंय. ते वाक्य कुणालाच माहीत नाही असं तुम्ही लिहिलंत, म्हणजे तिलाही नाही. तिला सांगा. सांगलीला जायच्या आधी सांगा. वास्तुशांत तिच्याही घराची होती, गाद्या तिनेही मोजल्या होत्या. कदाचित तिच्याजवळही त्या रात्रीचं काहीतरी राहून गेलं असेल. तुम्ही स्वतःही एखाद्या समुपदेशकाकडे जा. तीन वर्षं एकट्याने वाहिलेलं ओझं मित्राच्या अंगणात उतरवायचं नसेल तर ते कुठेतरी उतरवायला हवं.

पैशांचं विचाराल तर त्याच्या आईला गरज असेल तोवर देत राहा, पण मित्राच्या नकळत देऊ नका. कर्तासवरता मुलगा घरात असताना कुणीतरी आपल्या आईच्या खात्यात पैसे भरतो हे त्याला कळलं, आणि ते कळतंच, तर त्याला आणखी खाली गेल्यासारखं वाटेल. त्याला विचारून द्या. तो नको म्हणाला तर थांबा.

राहिल्या त्या शिक्षिका. लिडियाला चित्रपटात कुणीच सांगत नाही की ज्याच्याशी तुझं जुळवतोय तो कोण आहे, त्याच्यावर काय गुदरलंय. तिला बक्षीस लागल्याचं खोटं सांगून बोलावलं जातं. पडद्यावर ते गोड वाटतं, कारण पुढे सगळं नीट होणार हे लेखकाच्या हातात असतं. या बाईंचे यजमान गेलेत, त्यांनी मन घट्ट करून पुन्हा विचार सुरू केलाय, आणि तुम्ही त्यांना अर्धी माहिती दिलीय. त्या तुमच्या निरोपाची वाट बघत असतील. आज संध्याकाळी मावसबहिणीला फोन करा, मित्र अजून बरा नाही हे स्पष्ट सांगा आणि हे बोलणं थांबवा. पुढेमागे तो स्वतः लग्नाचं म्हणाला तर तेव्हा बघता येईल. त्या बाईंना मात्र अडकवून ठेवू नका.